दोन इमारतींमधली लॅन केबल: सेल्व्ह म्हणायची की टीएनव्ही-१?

शंकेखोर:

नमस्कार मंडळी. डोकं भंजाळलंय, म्हणून धागा काढतोय.

आम्ही दरवाजा उघडण्या-बंद करण्यासाठीचा एक छोटा कंट्रोलर बनवतो. प्लास्टिकचा डबा, आत एक बोर्ड, बाहेर एक आरजे-४५ पोर्ट. १०/१०० इथरनेट, आणि पॉवरही त्याच पोर्टातून, म्हणजे पीओई, इथरनेटच्या ८०२.३ मानकातला एएफ प्रकार. सुरक्षा चाचणीसाठी नमुना पाठवला तर प्रयोगशाळेकडून प्रश्नावली आली. त्यात विचारलंय की या पोर्टला जोडलेली केबल इमारतीबाहेर जाण्याची शक्यता आहे का, हो की नाही. या एका ओळीवरून आमच्याकडे दोन तट पडलेत.

माझं म्हणणं, काय फरक पडतो? पोर्टवर जास्तीत जास्त ५७ व्होल्ट डीसी. ६० च्या आत आहे, म्हणजे सेल्व्ह, हात लागला तरी सुरक्षित अशा कमी व्होल्टेजच्या सर्किटांचा वर्ग. केबल टेबलाखालून गेली काय नि अंगण ओलांडून गेली काय, व्होल्टेज तेवढंच राहणार. आमचा लेआउटवाला म्हणतो, बाहेर गेली की वर्ग बदलतो, टीएनव्ही-१ होतो, म्हणजे टेलिफोनसारख्या बाहेरच्या तारांना जोडायच्या सर्किटांचा वर्ग, मग बोर्डवरची अंतरं पुन्हा बघावी लागतील. बोर्ड छापून आलेत. त्यामुळे मला हे ऐकायचंच नाहीये.

आणि नेमकं पहिल्याच ग्राहकाकडे दोन सुट्या इमारती आहेत, मधे साधारण ७० मीटर. स्विच एका इमारतीत, आमचे डबे दुसरीत. शिवाय एक डबा फाटकाजवळच्या खांबावर. दोन्ही इमारतींचे वीजपुरवठे वेगवेगळे.

तर प्रश्न असे. व्होल्टेज न बदलता वर्ग कसा काय बदलतो? शिल्डवाली केबल घेऊन दोन्ही टोकांना अर्थ केली तर सुटका होते का? आणि दोन्हीकडे सर्ज अरेस्टर (तारेवर आलेला विजेचा क्षणिक झटका, म्हणजे सर्ज, अर्थमध्ये सोडणारा प्रोटेक्टर) लावून "केबल बाहेर जात नाही" असं लिहिता येईल का?

पॅचपॅनल:

फार विचार करताय राव. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो, १५०० व्होल्टचं आयसोलेशन असतं, म्हणजे केबल आणि आतलं सर्किट यांच्यात थेट विजेचा जोड नसतो. ते याच कामासाठी दिलेलं आहे. मी इमारतींमधून कॉपर टाकून दिलंय, कोणाची तक्रार नाही. अमेरिकेच्या वीजजोडणीच्या नियमांत, एनईसीतसुद्धा, १४० फुटांपर्यंत प्रोटेक्टर लावायची सक्ती नाही. तुमचं अंतर त्याहून जास्त आहे खरं, पण वीज काही फूटपट्टी घेऊन येत नाही. "नाही"वर खूण करा आणि पुढे व्हा.

हायपॉट:

पॅचपॅनल, जरा थांबा. शंकेखोर, तुम्हीही ती खूण करू नका.

मी उपकरणांच्या सुरक्षा चाचणीचंच काम करते, अशा प्रश्नावल्या माझ्याच टेबलावर येतात. या प्रश्नाला बहुतेक जण "नाही" लिहितात आणि मग माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर खांबाला लावलेल्या डब्याचा झकास फोटो छापतात.

लेआउटवाल्याचं बरोबर आहे. वर्ग सर्किटला लागतो, आणि तो ठरवताना दोन गोष्टी बघतात. रोजच्या वापरात त्यावर किती व्होल्टेज असतं ही एक, आणि बाहेरून त्यावर काय येऊन आदळू शकतं ही दुसरी. तुम्ही पहिलीपाशीच थांबलात. आयईसी ६०९५०-१ या उपकरण-सुरक्षेच्या मानकामध्ये या दोन्हींच्या हो-नाहीतून चार खाने पडतात. ४२.४ व्होल्ट शिखर किंवा ६० व्होल्ट डीसीच्या आत आणि बाहेरून सर्ज यायचा प्रश्न नाही, ते सेल्व्ह. मर्यादा तीच पण सर्ज येऊ शकतो, ते टीएनव्ही-१. त्या मर्यादेच्या वर पण सर्जपासून लांब, ते टीएनव्ही-२. मर्यादेच्याही वर आणि सर्जही येणार, ते टीएनव्ही-३. जुना साधा टेलिफोन या शेवटच्या खान्यात बसतो, कारण लाइनवर ४८ व्होल्टची बॅटरी, घंटी वाजताना त्यावर चढणारं एसी, आणि तार खांबाखांबांवरून उघड्यावर फिरलेली. १, २, ३ ही धोक्याची चढती पायरी आहे असं धरून चालू नका, टीएनव्ही-२ वर सर्ज येतच नाही आणि टीएनव्ही-१ वर येतो.

म्हणजे तुमची तीच जोडी आणि तेच ५७ व्होल्ट इमारतीच्या आत सेल्व्ह, आणि भिंतीबाहेर पडली की टीएनव्ही-१. कोणत्या इंटरफेसला कोणता वर्ग, हे सांगणारा आयईसीचा टीआर ६२१०२ नावाचा तांत्रिक अहवाल आहे, त्यातही इथरनेटची विभागणी याच रेषेवर आहे.

आता ६०९५०-१ मागे पडलंय. युरोप आणि अमेरिकेत २० डिसेंबर २०२० पासून त्याची जागा ६२३६८-१ ने घेतली. तिथे सेल्व्ह-टीएनव्ही ही नावं गेली आणि ईएस१, ईएस२, ईएस३ आली, पण वरचा हिशोब गेला नाही. तुमचं पोर्ट तिथे ईएस१, आणि जोडीला "बाह्य सर्किटचे ट्रान्झिएंट (क्षणिक झटके) धरून" अशी पुस्ती. बाह्य सर्किटांचा एक तक्ता आहे, त्यात जोडीच्या तारांसाठी, शिल्ड असो वा नसो, १.५ केव्ही दिलंय, १०/७०० मायक्रोसेकंदांच्या आकाराचं. म्हणजे १० मायक्रोसेकंदांत चढणारं आणि ७०० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरणारं. उतरायला लागणारा हा वेळ महत्त्वाचा आहे. लांबलचक तारेवरून आलेला सर्ज असाच रेंगाळतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पॅचपॅनलचा सगळा भरवसा तिच्यावर आहे. वीज पडल्यावर तारेवर १.५ केव्हीच येतं असं कोणी म्हटलेलं नाही. ६०९५०-१ च्या सहाव्या कलमातली टीप काढून वाचा. तिथे गृहीत धरलंय की आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या के.११ शिफारशीप्रमाणे तारेच्या बाजूने उपाय केलेले आहेत, त्यामुळे उपकरणापर्यंत १.५ केव्हीपेक्षा जास्त पोहोचण्याची शक्यता कमी आहे. बाहेरच्या लोकांनी आपलं काम केल्यावर जे उरतं, तेवढंच तुमच्या डब्याने सोसायचं. बाहेर कोणी काहीच केलं नसेल तर हा आकडा निराधार आहे.

जमिनीकडून बघा. एका इमारतीच्या वीजरोधकावर ३० हजार अँपिअरचा तडाखा बसला आणि तिथल्या अर्थचा रोध ५ ओहम असला, तर त्या इमारतीची "जमीन" क्षणभर दूरच्या जमिनीपेक्षा दीड लाख व्होल्टने वर उचलली जाते. ३० हजार गुणिले ५, एवढंच गणित. दुसऱ्या इमारतीची जमीन आहे तिथेच. या दोघींना जोडणारं तांबं म्हणजे तुमची लॅन केबल. त्यात १५०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असला काय नि नसला काय.

आणि ८०२.३ मधलं ते आयसोलेशन नेमकं किती? १५०० व्होल्ट एसी ६० सेकंद, किंवा २२५० व्होल्ट डीसी ६० सेकंद, किंवा २४०० व्होल्टचे दहा इम्पल्स, १.२/५० आकाराचे, आलटून-पालटून ध्रुवता बदलत. ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणारा इम्पल्स आणि ७०० मायक्रोसेकंद रेंगाळणारा इम्पल्स यांत ऊर्जेचा मोठा फरक आहे. त्याच मानकात असंही म्हटलंय की इमारतीबाहेर जाणाऱ्या तांब्याच्या तुकड्याला विजेपासून आणखी संरक्षण लागू शकतं आणि ते या मानकाच्या कक्षेत येत नाही. लेखकांनी स्वतःच हात वर केलेत, तर आपण ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर कशाला उड्या मारायच्या?

एनईसीची १४० फुटांची सवलत खरी आहे, पण पूर्ण वाचा. केबल जमिनीखालून किंवा पुरलेल्या नळीतून गेलेली हवी, अखंड धातूचं शिल्ड किंवा अखंड धातूची नळी हवी, आणि ते दोन्ही इमारतींच्या अर्थ इलेक्ट्रोडला जोडलेलं हवं. शिवाय ती सवलत प्रोटेक्टर बसवण्यातून आहे. तुमच्या डब्याचा वर्ग त्याने बदलत नाही.

शंकेखोर, आता तुम्हाला एक प्रश्न. कुलूप, बाहेर पडायचं बटण, रीडर, यांच्या तारा ज्या टर्मिनलांना लागतात, ती टर्मिनलं आणि पीओईची बाजू यांच्यामधे डीसी-डीसी, म्हणजे पीओईचं व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर, आयसोलेटेड आहे का? उत्तर "नाही" असेल तर वर्गाचा वाद बाजूला ठेवा, आधी ते बोलू.

शंकेखोर:

हायपॉटताई, मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं.

लेआउटवाल्याला विचारलं, तो फारच खुशीत आहे. डीसी-डीसी फ्लायबॅक आहे, म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मर असलेला, आयसोलेटेड. ट्रान्सफॉर्मरवर १५०० व्होल्ट एसी लिहिलंय, फीडबॅक ऑप्टोकपलरमधून. दोन्ही बाजूंमधे एक १ नॅनोफॅरडचा २ केव्हीचा कपॅसिटर आहे, तो ईएमआय, म्हणजे रेडिओ गोंगाट, कमी करण्यासाठी. कुलुपाची टर्मिनलं दुसऱ्या बाजूला. पण तो म्हणतो की आरजे-४५ च्या जॅकमधले एलईडी दुसऱ्या बाजूच्या पुरवठ्यावर चालतात, आणि जॅकखालून दुसऱ्या बाजूचं ग्राउंड कॉपर थोडं आत गेलंय. हे अडचणीचं आहे का?

आणि शिल्डचं उत्तर राहिलंच.

भुईतार:

शिल्डचं मी सांगतो, माझं सगळं आयुष्य अर्थिंगमध्ये गेलंय.

दोन इमारती, दोन पुरवठे, दोन अर्थ. म्हणजे दोघांच्या अर्थबारमधे काही ना काही व्होल्टेज कायम असणारच. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र येणाऱ्या पद्धतीत न्यूट्रलमधल्या करंटमुळे जो ड्रॉप पडतो तो अर्थबारवर दिसतो. आता तुम्ही शिल्ड दोन्ही टोकांना बांधलं की दोन अर्थबारमधे तुमची लॅन केबल हाच एक जोड झाला. त्यातून ५० हर्ट्झचा करंट वाहत राहणार, वीज पडो न पडो. एका इमारतीचा न्यूट्रल तुटला तर परतीच्या करंटचा मोठा वाटा त्या पातळ फॉइलमधून जाणार. ते तापतं. केबलच्या गठ्ठ्यात आहे की सिलिंगवर, हे ते विचारत नाही.

मग हुशार माणूस म्हणतो, एकाच टोकाला बांधू. बांधा. आता दुसऱ्या इमारतीत ते शिल्ड लोंबकळतंय आणि त्यावर पहिल्या इमारतीचं पोटेन्शियल आहे. तिथला माणूस एका हाताने रॅक धरून दुसऱ्या हाताने प्लग काढायला जाणार. दोन हातांमधे दोन इमारती.

शिल्ड दोन्हीकडे बांधायचंच असेल तर शेजारून जाड कंडक्टर टाका, म्हणजे करंट त्यातून जाईल. आयईसी ६०३६४-४-४४ मध्ये अशा बायपास कंडक्टरला किमान १६ चौरस मिमी तांबं सांगितलंय. ७० मीटर १६ चौरसची तार ओढताय, खड्डा खणताय, तर त्याच खड्ड्यात फायबर का नाही टाकत? त्याच मानकात लिहिलंय की दोन इमारतींच्या समविभव जोडण्या वेगळ्या असतील तर डेटासाठी धातू नसलेली फायबर वापरता येते. मी तर म्हणतो, तीच वापरा.

पॅचपॅनल:

भुईतार, पटलं. शिल्डचा विषय सोडला. पण अरेस्टरचं काय? साध्या यूटीपीला, म्हणजे बिनशिल्डच्या केबलला, दोन्ही टोकांना गॅस ट्यूबवाले प्रोटेक्टर लावले तर ताईंनी सांगितलेलं "बाहेरच्या लोकांचं काम" पूर्ण होतं ना? मग डबा सेल्व्हच राहिला.

हायपॉट:

काम होतं, डबा सेल्व्ह राहत नाही. त्या के.११ च्या गृहीतकात प्रोटेक्टर आधीच धरलेला आहे. प्रोटेक्टर लावल्यावर जे उरतं ते १.५ केव्ही, आणि ते सोसू शकतो तो टीएनव्ही-१. तुम्ही एकच वस्तू दोनदा मोजताय.

अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांची जीआर-१०८९ नावाची अट आहे. त्यात फक्त इमारतीच्या आत वापरायच्या पोर्टांसाठी एक इशारा छापावा लागतो, मोठमोठ्या स्विचच्या पुस्तिकांत तुम्ही तो न वाचता उलटला असेल. त्याचा मतितार्थ असा की हे पोर्ट बाहेरच्या तारेला धातूच्या जोडाने जोडू नका, आणि प्रायमरी प्रोटेक्टर लावलात तरी तेवढ्याने ते जोडण्यालायक होत नाही. मला हा इशारा आवडतो. त्यात पळवाट ठेवलेलीच नाही.

प्रोटेक्टर कसा बसवला यावर तर सगळंच आहे. सरळ तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला एक मायक्रोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला एक हजार अँपिअरने चढत असेल तर अर्थच्या तारेच्या दर मीटरमागे एक हजार व्होल्ट. प्रोटेक्टर उत्तम आहे, पण त्याची हिरवी तार भिंतीवरून सुबक वळणं घेत तीन मीटर लांबच्या अर्थबारपर्यंत गेली, तर प्रोटेक्टरच्या अलीकडे तीन हजार व्होल्ट त्या सुबक तारेनेच तयार केले. केबल इमारतीत शिरते तिथेच प्रोटेक्टर हवा, आणि तो तिथल्या मुख्य अर्थबारला जितक्या आखूड तारेने जोडता येईल तितक्या. वेगळा खड्डा, वेगळा रॉड ठोकून "डेटाची स्वच्छ अर्थ" करणाऱ्यांना मी हात जोडते. ती स्वच्छ अर्थ आणि विजेची अर्थ यांच्यामधे मग तुमचं उपकरण सापडतं.

डब्याच्या आतच गॅस ट्यूब टाकायचा मोह झाला तर आणखी एक अट आहे. लाइन आणि अर्थ यांच्यामधलं अंतर ओलांडून सर्जरोधक बसवलात, तर त्याचं व्होल्टेज ठरवताना, मेन्स १३० व्होल्टच्या वर असलेल्या भागासाठी, ३६० व्होल्टच्या शिखरापासून मोजायला सुरुवात करावी लागते. कारण पलीकडच्या इमारतीत मेन्सचा दोष झाला आणि तुमच्या लाइनवर मेन्स आली, तर तो रोधक सतत वाहत बसता कामा नये. बाजारातली ९० व्होल्टची ट्यूब डेटा लाइनसाठी म्हणून सर्रास मिळते, ती इथे चालत नाही.

शंकेखोर, तुमच्या बोर्डकडे येते. आयसोलेटेड फ्लायबॅक आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलीत. स्वस्त डब्यांत पुष्कळदा साधा बक कन्व्हर्टर असतो, ट्रान्सफॉर्मर नसलेला, तिथे कुलुपाची तार आणि पलीकडच्या इमारतीतून आलेली तार एकाच धाग्यात ओवलेल्या असतात. दाराची चौकट धातूची असेल तर पलीकडची इमारत तुमच्या चौकटीवर उतरली.

चाचणीत बघतात ते असं. एका बाजूला पोर्टच्या सगळ्या तारा एकत्र करून, दुसऱ्या बाजूला बोटाने शिवता येणारे भाग आणि इतर सर्किटं, म्हणजे तुमची कुलुपाची टर्मिनलं. मधे १.५ केव्हीचे दहा इम्पल्स, १०/७००, किंवा १ केव्ही एसी एक मिनिट. टेलिफोनच्या हँडसेटसारखी वस्तू, जी हातात धरून ठेवायची, तिथे हे २.५ आणि १.५ होतं. तुमच्या डब्यावर कीपॅड असला तरी तो एका टिचकीपुरता, त्यामुळे हा वाढीव आकडा तुम्हाला लागू नये. तुमचे भाग मुळात ८०२.३ साठी १५०० एसीला घेतलेले आहेत, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टो इथे सहसा अडत नाहीत. २ केव्हीचा तो कपॅसिटरही १.५ केव्हीत बसतो, फक्त तो कोणत्या जातीचा आहे ते कागदावर द्यावं लागेल.

अडतं ते जॅकपाशी, लेआउटवाल्याला बरोबर वास आलाय. एलईडीचे पाय केबलच्या पिनांना अगदी खेटून असतात, आणि खाली ग्राउंड कॉपर असेल तर ठिणगीला तिथेच वाट मिळते. माझ्याकडे नापास झालेल्या बोर्डांत मॅग्नेटिक्स, म्हणजे पोर्टातले ट्रान्सफॉर्मर, जळालेले क्वचित दिसतात, काळी रेघ बहुतेक वेळा जॅकखालीच. छापून आलेल्या बोर्डांतला एक घ्या, साधा हायपॉट टेस्टर (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावा, हळूहळू चढवा, आणि आधी कळू द्या की खरंच फुटतंय का. फुटलं नाही तर अंतरं मोजून कागद करू. फुटलं तर पुढच्या आवृत्तीत जॅकखालचं कॉपर कापा, दोन तासांचं काम आहे, त्यावरून टीममध्ये तट कशाला.

शंकेखोर:

टेस्टर उसना मिळतोय, लावून बघतो.

पण समजा आमचा डबा पास झाला. ग्राहकाकडचा स्विच तर आमचा नाही. तो साधा २४ पोर्टांचा पीओई स्विच आहे. त्याचं काय?

हायपॉट:

चांगला प्रश्न, आणि इथे लोक फसतात. ८०२.३ मध्ये पीओईसाठी दोन एन्व्हायर्नमेंट आहेत. ए म्हणजे सगळं जाळं एकाच वीजवितरण व्यवस्थेत आणि एकाच इमारतीत. बी म्हणजे यातली कोणतीही एक सीमा ओलांडली. बीमध्ये प्रत्येक पोर्ट चेसिसपासून तर आयसोलेटेड हवाच, पण शेजारच्या प्रत्येक पोर्टपासूनही हवा. बहुपोर्टी पीओई स्विचमध्ये सहसा सगळ्या पोर्टांना एकच ४८ व्होल्टची बस असते. ती मान्य आहे ती फक्त एमध्ये. म्हणजे तुमच्या ग्राहकाकडे बाहेरून एका पोर्टवर आलेलं काहीही त्या सामायिक बसवरून उरलेल्या तेवीस पोर्टांच्या तारांवर पसरतं. तुमचा डबा वाचेल आणि आतल्या फोनांची रांग जाईल, मग खापर कोणावर फुटेल ते तुम्हाला ठाऊक आहेच.

त्यामुळे माझं मत भुईतारांसारखंच. दोन इमारतींमधे फायबर. ७० मीटरला कोणतीही मल्टिमोड पुरते, पण खणणार असाल तर सिंगलमोड टाका, पुन्हा खणावं लागणार नाही. केबल पूर्ण अधातू घ्या. उंदरांसाठी म्हणून लोक स्टीलचं चिलखत असलेली फायबर घेतात आणि ते चिलखत रॅकपर्यंत आणून चेसिसला टेकवतात. मग काचेचा उपयोग काय झाला? चिलखत लागतच असेल तर ते इमारतीच्या तोंडाशीच कापून तिथल्या अर्थबारला बांधायचं.

दुसऱ्या इमारतीत तिथल्याच विजेवर चालणारा छोटा पीओई स्विच ठेवा. तुमचे त्या इमारतीतले डबे मग पुन्हा एकाच इमारतीतले, एकाच पुरवठ्यावरचे. तिथे ते ईएस१, ट्रान्झिएंटशिवाय.

भुईतार:

चिलखताबद्दल +१. जमिनीतून नळी टाका आणि अधातू फायबर त्यात ओढा, उंदीर नळीलाच भिडतील.

पॅचपॅनल:

मग प्रश्नावलीवर "नाही" लिहायला हरकत काय? फायबर टाकली, केबल इमारतीबाहेर जातच नाही.

शंकेखोर:

हेच विचारणार होतो. आणि टेस्टरचा निकाल: जॅकपाशी १.२ केव्ही एसीला चट् आवाज आला. १ केव्हीला एक मिनिट शांत होता. लेआउटवाला म्हणतोय पास, मी म्हणतोय काठावर पास. आणि खांबावरचा डबा उरलाच आहे. खांब त्याच इमारतीच्या डीबीवरून, म्हणजे वीजवितरण पेटीवरून, चालतो, म्हणजे पुरवठा एकच. भिंतीपासून जेमतेम दहा मीटर. याला वेगळी इमारत म्हणायचं का?

हायपॉट:

१ केव्हीला मिनिटभर टिकला, म्हणजे त्या चाचणीपुरता पास. पण १.२ ला फुटलेलं जॅक मी तरी तसंच पाठवणार नाही. एका बोर्डवर १.२ आहे, पुढच्या खेपेत सोल्डरचं टोक थोडं लांब आलं की ०.९ होईल. शिवाय १.२ केव्ही एसी म्हणजे शिखर साधारण १.७ केव्ही, इम्पल्सच्या १.५ पासून फार लांब नाही. आणि ८०२.३ चं १५०० एसी तर त्याच्याही वर आहे, ते तुम्ही माहितीपत्रकात लिहिलंयत ना? वर्ग काहीही ठरो, कॉपर कापाच.

खांबाबद्दल. पुरवठा एक असणं पुरेसं नाही. एमध्ये एकच पुरवठा आणि एकच इमारत, दोन्ही हवं. खांब उघड्यावर आहे, त्याच्याकडे जाणारी तार उघड्यावर आहे, दहा मीटर असली तरी. टोकाला लोखंडी खांब आणि बहुधा त्यावर दिवा. मी त्याला बाहेरचंच धरते. भिंतीबाहेर पडताना प्रोटेक्टर, खांबाजवळ दुसरा, खांब त्याच इमारतीच्या अर्थला जोडलेला, आणि त्या डब्याला पॉवर द्यायला एकाच पोर्टचा, स्वतंत्र आयसोलेटेड पीओई इंजेक्टर. म्हणजे स्विचची सामायिक बस त्या तारेला लागतच नाही. इंजेक्टरच्या कागदावर आयसोलेशन लिहिलंय का ते बघून घ्या, सगळ्यांवर नसतं. खांबापर्यंतही फायबर नेता येईल, पण मग तिथे कन्व्हर्टरची आणि विजेची सोय करावी लागेल. ते तुमच्या ग्राहकाने ठरवावं.

आणि म्हणूनच पॅचपॅनल, "नाही" लिहिता येत नाही. उत्पादनाचा वर्ग त्याच्या पुस्तिकेतल्या वापरावर ठरतो. "फक्त इमारतीच्या आतल्या केबलला जोडा" असं स्पष्ट छापून ईएस१ घेता येतं, ते नियमाला धरूनच आहे. पण खांबावर लावायचा डबा विकताना तसं छापणार कसं? शंकेखोर, "हो" लिहा, खाली बाह्य सर्किट, जोडीची तार, १.५ केव्ही १०/७०० असं नमूद करा. आणि पुस्तिकेत प्रोटेक्टर कुठे, किती आखूड तारेने, याचं चित्र टाका.

शंकेखोर:

"हो" लिहून पाठवतोय. कॉपर कापलेली फाइल लेआउटवाल्याने कालच तयार करून ठेवली होती म्हणे. पुस्तिकेतल्या चित्रासाठी एक विचारायचं राहिलं: प्रोटेक्टरची अर्थ आणि इंजेक्टरची अर्थ एकाच बारला न्यायची ना?

भुईतार:

एकाच बारला. प्रोटेक्टरची आखूड, इंजेक्टरची कशीही चालेल. वेगळा रॉड ठोकू नका.